दोन घरांचा वादक : जॉन लॉर्ड

२४ सप्टेंबर १९६९ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये एक वेगळीच मैफल झाली. रंगमंचावर रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रा हा इंग्लंडचा नामांकित वाद्यवृंद आपल्या व्हायोलिन, चेलो, बासऱ्या नि तुताऱ्यांसह बसला होता. त्याच्या पुढ्यात लांब केसांचे पाच तरुण इलेक्ट्रिक गिटार, ढोल आणि ऑर्गन मांडून उभे होते. त्यांच्या गटाचे नाव डीप पर्पल. दोघांना एकत्र बांधणारी रचना 'कॉन्चेर्टो फॉर ग्रुप अँड ऑर्केस्ट्रा' या नावाची होती आणि ती लिहिली होती गटाच्या ऑर्गनवादकाने. जॉन लॉर्ड त्याचे नाव, वय अवघे २८.

मराठीत पाश्चात्त्य संगीताविषयी लिहिले जाते ते थोडेच, आणि रॉक संगीताला तर 'धांगडधिंगा' म्हणून एका शब्दात निकालात काढण्याची आपल्याकडे रीत आहे. तरीही या वादकाची कारकीर्द आम्हांला तपशिलाने सांगावीशी वाटते. दोन परंपरांत एकाच वेळी राहू पाहणाऱ्या माणसाला दोन्हीकडून काय ऐकून घ्यावे लागते आणि त्यातून तो काय उभे करू शकतो, याचे हे एक स्वच्छ उदाहरण आहे. मराठीत लिहिणाऱ्या मुसलमानाला हा प्रश्न परका नाही.

लेस्टर ते लंडन

जॉन लॉर्डचा जन्म ९ जून १९४१चा, इंग्लंडच्या मध्य भागातल्या लेस्टर शहरातला. १९७२ साली इदी अमीनने युगांडातून हाकललेले आशियाई कुटुंबकबिल्यासह मोठ्या संख्येने ज्या शहरात येऊन राहिले, तेच हे लेस्टर. लॉर्डच्या बालपणी मात्र ते युद्धातून सावरणारे एक साधे कारखानदारीचे गाव होते. वडील हौशी सॅक्सोफोनवादक. मुलगा पाच वर्षांचा होताच त्याला पियानोच्या शिक्षणाला बसवले गेले. शिक्षण रीतसर अभिजात संगीताचे. बाखच्या रचना बोटांत बसवून घेतलेला हा मुलगा मोठा होत असतानाच अमेरिकेतून रॉक अँड रोलची लाट आली, आणि तीही त्याने तितक्याच ओढीने अंगावर घेतली.

शाळा संपल्यावर काही काळ त्याने वकिलाच्या कचेरीत कारकुनी केली. मग अभिनय शिकण्यासाठी लंडन गाठले. नाट्यशिक्षण चालू असतानाच पोटासाठी तो रात्री दारूच्या गुत्त्यांत नि क्लबांत जॅझ आणि ब्लूज वाजवू लागला. नट व्हायला आलेला माणूस पेटीवरच स्थिरावला. 'आर्टवूड्स' या गटात त्याने काही वर्षे काढली. गाजण्यापूर्वीची ही उमेदवारी होती. तिने त्याला रोज वेगळ्या श्रोत्यांपुढे वाजवण्याची सवय लावली.

१९६८ साली डीप पर्पल हा गट उभा राहिला. गिटारवर रिची ब्लॅकमोर, ढोलावर इयन पेस आणि ऑर्गनवर लॉर्ड हे त्याचे तीन खांब. 'हश' हे त्यांचे पहिले गाणे त्याच वर्षी अमेरिकेत चौथ्या क्रमांकापर्यंत पोचले. पुढच्या वर्षी गायक इयन गिलन आणि बेस गिटारवादक रॉजर ग्लोव्हर येऊन मिळाले आणि गटाचा सर्वांत गाजलेला संच पूर्ण झाला.

घड्याळजीचा ऑर्गन

लॉर्डचे वाद्य समजून घेतल्याशिवाय त्याचे काम समजत नाही. हॅमंड ऑर्गन हे वाद्य १९३५ साली अमेरिकेत बाजारात आले. ते बनवणारा लॉरेन्स हॅमंड हा वादक नव्हता. त्याचा धंदा विजेच्या घड्याळांचा होता. घड्याळाचे काटे ठरलेल्या गतीने फिरवणारी मोटर त्याने या वाद्यात बसवली. मोटर दातेरी कडांच्या धातूच्या चकत्या फिरवते. प्रत्येक चकतीसमोर एक चुंबक आणि तारेचे वेटोळे असते. चकतीचा दाता चुंबकासमोरून गेला की तारेत विजेची लहर उठते, आणि तीच लहर ध्वनिक्षेपकातून सूर होऊन बाहेर पडते. कोणता सूर किती मिसळायचा, हे वादक ओढायच्या दांड्यांनी ठरवतो.

चर्चमधला नळ्यांचा मोठा ऑर्गन ज्यांना परवडत नव्हता, त्यांच्यासाठी हे वाद्य स्वस्त पर्याय म्हणून विकले गेले. अमेरिकेतल्या गरीब काळ्या वस्त्यांमधल्या चर्चनी ते घेतले आणि तिथे त्याला वेगळाच आवाज फुटला. तिथून ते जॅझमध्ये गेले. जिमी स्मिथ या काळ्या अमेरिकन वादकाने ते अशा ताकदीने वाजवले की इंग्लंडमधल्या तरुण लॉर्डला आपली वाट तिथेच दिसली.

आपल्या वाचकांना येथे हार्मोनियमची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. तीही युरोपातून आली. १८४२ साली पॅरिसमध्ये अलेक्झांद्र दबेनने तिचे पेटंट घेतले. इथल्या कारागिरांनी तिचे पाय काढले, तिला जमिनीवर बसवले, हाताने भाता चालेल असे केले. मग ती कव्वालांच्या मांडीपुढे आली, कीर्तनात गेली, नाट्यसंगीतात गेली. आणि तरीही १९४० साली आकाशवाणीने 'हे परके वाद्य, यात श्रुती नाहीत' म्हणून तिच्यावर बंदी घातली. ती उठायला १९७१ साल उजाडले. वाद्यालाही कधी कधी आपण इथलेच आहोत, हे सिद्ध करत बसावे लागते.

हॅमंड ऑर्गनच्या बाबतीत लॉर्डपुढे अडचण वेगळी होती. रॉकच्या मैफलीत ब्लॅकमोरची गिटार इतकी मोठ्याने गरजे की ऑर्गन ऐकूच येत नसे. ऑर्गनसाठी फिरत्या भोंग्याचा 'लेस्ली' नावाचा ध्वनिक्षेपक वापरण्याची पद्धत होती. त्याचा आवाज गोड, पण लढाईला अपुरा. लॉर्डने आपला ऑर्गन गिटारसाठी बनवलेल्या मार्शल अॅम्प्लिफायरला जोडला. त्या यंत्रावर इतका भार पडला की सूर फाटू लागला, खरखरू लागला, गुरगुरू लागला. चर्चसाठी जन्मलेले वाद्य गिटारच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले. मात्र बोटे जुन्या शिस्तीचीच राहिली. १९७२च्या 'हायवे स्टार'मधला ऑर्गनचा तुकडा नीट ऐकला, तर वेग मोटारगाडीचा आणि स्वरांची चाल बाखच्या घराण्याची, हे ध्यानात येते.

अल्बर्ट हॉलमधली ती रात्र

आता पुन्हा कॉन्चेर्टोकडे येऊ. वाद्यवृंदाचे संचालन माल्कम अर्नोल्ड या मान्यवर ब्रिटिश संगीतकाराकडे होते. तालमीत वाद्यवृंदातल्या काही वादकांनी नाके मुरडली. अशा पोरांबरोबर बसायला आम्ही आयुष्य घालवले काय, असा त्यांचा सूर होता. अर्नोल्डने त्यांना कडक शब्दांत समज दिली आणि पाठीशी उभा राहिला तो तरुण लॉर्डच्या. मैफलीत आधी अर्नोल्डची स्वतःची सहावी सिंफनी झाली, मग डीप पर्पलची गाणी आणि शेवटी कॉन्चेर्टो.

रचनेचे तीन भाग होते. पहिल्या भागात गट आणि वाद्यवृंद एकमेकांचे प्रतिस्पर्धी असतात. एकजण बोलू लागला की दुसरा त्याला तोडतो. दुसऱ्या भागात चाल मंदावते, दोघे एकमेकांच्या चाली उचलून पाहतात आणि गिलनचे गाणे येते. तिसऱ्या भागात दोघे मिळून धावतात. भांडण, ओळख आणि सोबत असा हा क्रम लॉर्डने मुद्दाम आखला होता.

टीका दोन्हीकडून झाली. अभिजात संगीताच्या जाणकारांपैकी काहींना हे दोन वेगवेगळ्या संगीतांचे तुकडे शेजारी मांडल्यासारखे वाटले. खुद्द गटातही नाराजी होती. ब्लॅकमोरला आणि गिलनला रॉक वाजवायचे होते. वाद्यवृंदाबरोबर वाजवणारा गट असा शिक्का आपल्यावर बसेल, ही त्यांची भीती होती. त्यांनी पुढच्याच वर्षी 'इन रॉक' ही तबकडी काढून तो शिक्का पुसून टाकला. ती इतकी कडक आणि कर्कश होती की गटाची ओळख तिथूनच पक्की झाली. पुढे गिनिज बुकात जगातला सर्वांत मोठ्या आवाजाचा गट म्हणून याच डीप पर्पलची नोंद झाली.

ही टीका खोटी होती असे आम्ही म्हणणार नाही. कॉन्चेर्टोच्या पहिल्या भागात सांधे दिसतात. एक संपतो तिथे दुसरा सुरू होतो, आणि दोघांचे मिश्रण क्वचितच होते. पण टीकाकारांच्या नजरेतून एक गोष्ट सुटली. जे मिश्रण शंभर वादकांना एका मंचावर बसवून पुरते साधले नव्हते, ते लॉर्डच्या दोन हातांत रोज रात्री होत होते. तिथे त्याला घोषणेची गरज नव्हती.

'बॉम्बे'ची हाक

'इन रॉक'मधली सर्वांत गाजलेली रचना म्हणजे 'चाइल्ड इन टाइम'. सुमारे दहा मिनिटांची ही रचना ऑर्गनच्या हळुवार सुरांनी सुरू होते आणि गिलनच्या किंकाळीपर्यंत चढत जाते. तिचे मूळ एका अमेरिकन गटाच्या धूनमध्ये आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या 'इट्स अ ब्युटिफुल डे' या गटाने १९६९ साली व्हायोलिनवर एक धून वाजवली होती, तिचे नाव 'बॉम्बे कॉलिंग'. तालमीत लॉर्डने ती ऑर्गनवर संथ करून वाजवली आणि गटाने तिच्यावर नवी इमारत उभी केली. त्या अमेरिकन गटानेही पुढे डीप पर्पलची एक चाल उचलली आणि फिटंफाट झाली. व्हायोलिनवरच्या त्या धूनमध्ये मुंबई नावापुरतीच होती, हेही खरे.

खरी मुंबई लॉर्डच्या वाट्याला आली ती पंचवीस वर्षांनी. एप्रिल १९९५ मध्ये डीप पर्पल मुंबईत वाजवून गेली. ब्लॅकमोर तोपर्यंत गट सोडून गेला होता, गिटारवर अमेरिकन स्टीव्ह मोर्स होता. त्या मैफलीचे चित्रीकरण पुढे 'बॉम्बे कॉलिंग' याच नावाने प्रसिद्ध झाले. याच वर्षाच्या अखेरीस शहराचे इंग्रजी नाव अधिकृतपणे मुंबई झाले. म्हणजे ते नाव जायच्या सुमारास या गटाने ते आपल्या मैफलीवर कोरून ठेवले.

मधल्या काळाचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. ४ डिसेंबर १९७१ रोजी स्वित्झर्लंडच्या माँट्रो गावातले कॅसिनो फ्रँक झापाच्या मैफलीत आग लागून जळाले. डीप पर्पल तिथेच ध्वनिमुद्रण करणार होती. जागा गेल्यावर गटाने एका रिकाम्या हॉटेलच्या बोळांत यंत्रे मांडून 'मशीन हेड' पूर्ण केली आणि आगीवरच 'स्मोक ऑन द वॉटर' हे गाणे रचले. त्यातली गिटारची चाल जगातला प्रत्येक होतकरू गिटारवादक शिकतो. तिच्या पाठीमागे लॉर्डचा ऑर्गन तीच चाल वाजवत असतो, हे फार थोड्यांच्या लक्षात येते. १९७३ नंतर माणसे जात राहिली, येत राहिली. १९७६ साली गट मोडला. लॉर्ड काही वर्षे 'व्हाइटस्नेक' या गटात वाजवत होता. १९८४ साली जुना संच पुन्हा एकत्र आला.

या साऱ्या धावपळीत त्याने वाद्यवृंदासाठी लिहिणे सोडले नाही. १९७० साली बीबीसीच्या सांगण्यावरून 'जेमिनाय स्वीट', १९७४ साली 'विंडोज', १९७६ साली 'साराबांद' अशा रचना येत गेल्या. रॉकच्या श्रोत्यांना त्या रॉक वाटत नसत आणि अभिजात संगीताच्या मंडळींना त्या अभिजात वाटत नसत. तो लिहीत राहिला.

हरवलेली संहिता

कॉन्चेर्टोचे पुढे काय झाले, ही गोष्ट चटका लावणारी आहे. १९७० साली लॉस एंजलिसमध्ये एक प्रयोग झाला, आणि त्यानंतर रचनेची लिखित संहिता हरवली. जवळजवळ तीस वर्षे ती कोणाला सापडली नाही.

आपल्याकडे बंदिश सीना-ब-सीना चालत येते. उस्तादाच्या गळ्यातून शागिर्दाच्या गळ्यात जाते, आणि तिचा कागद गेला तरी बंदिश राहते. युरोपच्या अभिजात संगीतात तसे नाही. तिथे शंभर वादकांपैकी प्रत्येकासमोर त्याचा स्वतंत्र कागद असतो. दुसऱ्या रांगेतल्या व्हायोलाने कोणत्या क्षणी कोणता सूर धरायचा, हे त्या कागदावरच असते. त्यामुळे १९६९च्या मैफलीची ध्वनिमुद्रिका जगभर विकली जात असतानाही ती रचना पुन्हा वाजवणे अशक्य होऊन बसले होते. ऐकता येत होती, पण उभी करता येत नव्हती.

मार्को द खूय या डच संगीतकाराने ती पुन्हा उभी केली. त्याने ध्वनिमुद्रिका आणि चित्रीकरण अक्षरशः पुन्हा पुन्हा ऐकून, पाहून प्रत्येक वाद्याचा सूर कागदावर उतरवायला घेतला आणि ते काम लॉर्डपुढे नेऊन ठेवले. जिथे कानाला अंदाज लागत नव्हता, तिथे लॉर्डने स्वतः भर घातली. सप्टेंबर १९९९ मध्ये, पहिल्या मैफलीला तीस वर्षे होत असताना, त्याच अल्बर्ट हॉलमध्ये लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राने पॉल मान यांच्या संचालनाखाली ती पुन्हा वाजवली. त्यानंतर डीप पर्पल ही रचना घेऊन जगभर फिरली. गटाने जिच्यापासून एकेकाळी पळ काढला होता, तिला आता गटच मिरवत होता.

लिखित परंपरेचे एक काम अशा प्रकारे कानाने वाचवले. हे काम करणारा द खूय ना गटाचा होता, ना वाद्यवृंदाचा. तो त्या रचनेचा निव्वळ चाहता होता.

शेवटची दहा वर्षे

आईच्या मृत्यूनंतर लॉर्डने 'पिक्चर्ड विदिन' ही शांत, उदास तबकडी केली होती. ती १९९८ साली आली. सततच्या दौऱ्यांचा त्याला थकवा आला होता आणि लिहायला वेळ हवा होता. २००२ साली त्याने डीप पर्पल सोडली. त्याच्या जागी डॉन एअरी आला. साठी ओलांडलेला हा माणूस आता पूर्ण वेळ संगीतकार झाला.

या काळातली त्याची सर्वांत मोलाची रचना आमच्या मते 'डरहम कॉन्चेर्टो' होय. इंग्लंडच्या उत्तरेकडील डरहम विद्यापीठाला १७५ वर्षे झाली त्या निमित्ताने ती लिहून घेतली गेली आणि २००७ साली डरहमच्या कथीड्रलमध्ये सादर झाली. आपल्या भाषेत सांगायचे तर डरहम हे एका वलीच्या मजारीभोवती वसलेले गाव. संत कथबर्टचे शरीर घेऊन त्याचे अनुयायी वायकिंग हल्ल्यांपासून पळत लिंडिसफार्न बेटावरून निघाले. त्यांची परंपरा वर्षानुवर्षे भटकून शेवटी या टेकडीवर थांबली. लॉर्डच्या रचनेचा एक भाग त्या वाटेवरच आहे. दुसऱ्या एका भागात तिथल्या कोळसा खाणींच्या कामगारांचा वार्षिक मेळावा आहे. खाणी बंद पडल्या तरी निशाणे घेऊन, बँड वाजवत ते लोक अजून जमतात.

या रचनेत चेलो आहे, व्हायोलिन आहे, कोपराने भाता दाबून वाजवायची नॉर्थम्ब्रियाची लोकवाद्य-पिपाणी आहे आणि लॉर्डचा हॅमंड ऑर्गनही आहे. १९६९ सारखे इथे कोणी कोणाला तोडत नाही. दगडी कथीड्रल, खाणकामगार, लोकवाद्य आणि रॉकमधला ऑर्गन हे सारे एकाच गावाचे रहिवासी असल्यासारखे बोलतात. तरुणपणी जे दोन प्रतिस्पर्धी म्हणून मांडावे लागले, ते म्हातारपणी शेजारी म्हणून सुचले, यात चाळीस वर्षांचा रियाज आहे.

२०११ साली त्याच्या गावच्या लेस्टर विद्यापीठाने त्याला मानद डॉक्टरेट दिली. त्याच वर्षी त्याला स्वादुपिंडाचा कर्करोग झाल्याचे जाहीर झाले. आजारपणातही त्याने कॉन्चेर्टोचे स्टुडिओतले पहिले ध्वनिमुद्रण पूर्णत्वाला नेले. १६ जुलै २०१२ रोजी लंडनमध्ये तो वारला. ध्वनिमुद्रण त्यानंतर काही आठवड्यांतच बाजारात आले.

आमच्यापुरता अर्थ

लॉर्डची आणि आमची परिस्थिती सारखी आहे, असा दावा करणे वेडेपणाचे ठरेल. तो दोन परंपरांच्या मध्ये स्वतःच्या मर्जीने उभा राहिला. आम्ही जन्मानेच तिथे आहोत. तरीही काही गोष्टी ओळखीच्या वाटतात. मराठीत लिहिणाऱ्या मुसलमानाला एका बाजूने विचारले जाते, उर्दू का सोडली? दुसऱ्या बाजूने कौतुक होते, 'तुमचं मराठी किती शुद्ध आहे हो!' पहिल्या प्रश्नात आरोप आहे, दुसऱ्या कौतुकात आश्चर्य. दोन्हींत गृहीत एकच की, हे घर तुमचे नव्हे. वास्तविक आमच्या आजी-पणजींच्या जात्यावरच्या ओव्या ज्या भाषेत होत्या, त्याच भाषेत आम्ही लिहितो.

अशा वेळी दोन मोह होतात. एक, दोन्ही घरांना सतत खुलासे देत बसायचे. दुसरा, प्रत्येक लेखनात दोन परंपरांना समोरासमोर उभे करून त्यांचे भांडण किंवा मनोमीलन घडवून दाखवायचे. आमच्या साहित्यातही 'कॉन्चेर्टो'च्या पहिल्या भागासारखे लेखन पुष्कळ झाले आहे आणि त्याची गरजही होती. भांडण मांडल्याशिवाय ओळख होत नाही. पण केवळ तेवढ्यावर थांबून चालत नाही. लॉर्ड तिथे थांबला असता, तर १९६९ची ती मैफल एक नवलाची गोष्ट म्हणून उरली असती. तो रोज रात्री ऑर्गनवर बसत राहिला. चर्चचे वाद्य, काळ्या वस्त्यांचा आवाज, बाखची शिस्त आणि मार्शलची खरखर यांतले कोणते आपले आणि कोणते परके, हे वाजवताना त्याला वेगळे करावे लागले नाही.

४ एप्रिल २०१४ रोजी अल्बर्ट हॉलमध्ये त्याच्या स्मरणार्थ मैफल झाली. वाद्यवृंदही होता आणि डीप पर्पलही. १९६९ साली तालमीत जी कुरकुर झाली होती, ती करायला आता कोणाला कारण उरले नव्हते. दोन्हीकडच्या वादकांना हे संगीत आपले वाटत होते. ते होण्यासाठी ४५ वर्षे लागली आणि मधल्या काळात एका माणसाला आपले काम सोडून न देता करत राहावे लागले. आमच्या लिहित्या तरुण मित्रांनी या कारकिर्दीतून काही घ्यायचे असेल, तर हे घ्यावे असे आम्हांला वाटते.